मागे टाकलेला रस्ता

अमेरिकेतल्या लांब पल्ल्याच्या ट्रककडे समोरून पाहिलं, की दोन्ही आरशांच्या दांड्यांवर उभ्या केलेल्या दोन बारीक छड्या दिसतात. ट्रक वेगात असला की वाऱ्याने त्या मागे झुकतात. थांबला की थोडा वेळ डुलत राहतात आणि मग ताठ होतात. एखाद्या ट्रकवर एकच छडी असते. एखाद्यावर नुसती रिकामी लोखंडी पट्टी उरलेली असते, छडी केव्हाच काढून टाकलेली. आयोवा राज्यात वॉलकॉट गावाजवळ, आय-८० या महामार्गालगत, १९६४ पासून चालू असलेला एक अवाढव्य ट्रकथांबा आहे. जगातला सर्वांत मोठा म्हणून तो ओळखला जातो. संध्याकाळी तिथे ट्रकांच्या रांगाच्या रांगा लागतात. त्या रांगांमधून नुसतं आरशांकडे बघत चालत गेलं, तरी कोण अजून ऐकतो आहे आणि कोणी ऐकणं सोडलं आहे, याचा अंदाज येतो.

त्या छड्या सीबीच्या. सीबी म्हणजे सिटिझन्स बँड. सामान्य नागरिकांसाठी सरकारने मोकळी ठेवलेली, २७ मेगाहर्ट्‌झच्या आसपासची ४० चॅनलं. परवाना लागत नाही, महिन्याचं बिल येत नाही, मध्ये कुठला टॉवर नाही की कंपनी नाही. साध्या एएम पद्धतीने बोलायचं तर संचाची ताकद ४ वॅटच्या वर जाऊ द्यायची नाही, ही मुख्य अट. हातातल्या माइकचं बटण दाबायचं, बोलायचं, बटण सोडायचं आणि ऐकायचं. आवाज जातो पाच-सात किलोमीटर. माळरान असेल तर आणखी थोडा लांब. तेवढ्या टापूत ज्याचा संच चालू आहे, त्या प्रत्येकाला तो ऐकू येतो. कुणाशी बोलायचं हे निवडता येत नाही. जो जवळ आहे तो भेटतो.

हे माणसांना का हवंसं वाटलं असेल, ते मराठी मुलखातल्या ट्रकची केबिन आठवली की लवकर उमगतं. आपल्याकडे ड्रायव्हरच्या जोडीला किन्नर असतो. गाडी मागे घेताना तो पत्र्यावर थाप मारत ‘येऊ द्या, येऊ द्या’ म्हणतो, ओव्हरटेकच्या वेळी डावीकडून डोकं बाहेर काढून रस्ता बघतो, चहा आणतो आणि मुख्य म्हणजे रात्री ड्रायव्हरशी बोलत राहून त्याला जागं ठेवतो. अमेरिकेतला ट्रकवाला बहुतेक वेळा एकटा असतो. तिथल्या नियमाप्रमाणे दहा तासांच्या विश्रांतीनंतर त्याला जास्तीत जास्त ११ तास गाडी चालवता येते. त्या ११ तासांत नेब्रास्कासारखं सपाट, एकसुरी राज्य या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकत जातं आणि बाजूची सीट रिकामीच असते. ती रिकामी सीट अनोळखी माणसांच्या आवाजांनी थोडीफार भरून काढायचं काम सीबीने केलं.

आणि त्या आवाजांत सर्वांत मोलाचा आवाज समोरून येणाऱ्याचा.

पूर्वेकडे निघालेला चालक पश्चिमेकडे निघालेल्याला विचारतो, तुझ्या मागे रस्ता कसा आहे? तो सांगतो: दोनशे बाराव्या मैलाच्या खुणेपाशी पोलिस दबा धरून आहे, त्यापुढे डाव्या लेनमध्ये फाटलेल्या टायरचा पट्टा पडलाय, पुलावर पाणी गोठलंय, सावकाश जा. मग तोच प्रश्न उलट विचारतो. ज्या रस्त्यावरून आपण आलो, तो आपल्यापुरता संपलेला असतो. तिथला बर्फ, तिथला अपघात, तिथला पोलिस, सगळंच आता आपल्याला निरुपयोगी. समोरच्याला मात्र दहा मिनिटांत त्यातूनच जायचं आहे. दोघांजवळही दुसऱ्याला हवं ते आहे आणि ते देऊन टाकण्यात कुणाचं काही जात नाही. असा सरळ व्यवहार माणसांमध्ये क्वचितच जमून येतो.

आपल्या घाटांतही हे चालतंच. समोरून येणाऱ्या गाडीने दिव्यांची उघडझाप केली, की पुढे काहीतरी आहे एवढं कळतं. पोलिस आहेत, दरड आहे की बैलगाडी आडवी आहे, ते वळणाच्या पलीकडे गेल्यावरच दिसतं. सीबीने त्या उघडझापीला शब्द दिले.

पण त्या शब्दांना वेळ फार थोडा असतो. दोन ट्रक ताशी १०५ किलोमीटरने एकमेकांकडे येत असतील, तर त्यांच्यातलं अंतर मिनिटाला साडेतीन किलोमीटरने तुटतं. संचाचा पल्ला सहा किलोमीटर धरला, तर पहिला शब्द ऐकू आल्यापासून एकमेकांना ओलांडेपर्यंत पावणेदोन मिनिटं मिळतात आणि ओलांडल्यावर आवाज विरेपर्यंत तेवढीच आणखी. साडेतीन मिनिटांत ओळख, प्रश्न, उत्तर, निरोप. पल्ला तीनच किलोमीटर असेल, तर ‘हॅलो’ म्हणेपर्यंत समोरचा शेजारून निघून गेलेला असतो. गाडीत सीबी नीट बसवण्याचा सगळा खटाटोप या दीड-दोन मिनिटांसाठी आहे. हे एकदा ध्यानात घेतलं, की कोणता संच, कोणती अँटेना, कुठली तार या प्रश्नांकडे बघायची नजरच बदलते.

या सगळ्याची सुरुवात ट्रकवाल्यांसाठी झाली नव्हती. दुसरं महायुद्ध संपत आलं तेव्हा, १९४५ मध्ये, अमेरिकेच्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने नागरिकांच्या रेडिओसाठी जागा राखून ठेवायचं ठरवलं. वॉकी-टॉकीच्या जनकांपैकी एक, अल ग्रॉस, या कल्पनेमागे हिरिरीने उभे होते. चेस्टर गूल्ड यांनी आपल्या डिक ट्रेसी या चित्रमालिकेतल्या गुप्तहेराच्या मनगटावर जो रेडिओ बांधला, त्याची कल्पना त्यांना ग्रॉस यांच्याकडची उपकरणं पाहून सुचली होती. सुरुवातीची लहरलांबी मात्र सामान्यांच्या आवाक्यातली नव्हती. तेवढ्या उंच कंपनसंख्येवर चालणारे स्वस्त संच त्या काळात बनवता येत नव्हते. १९५८ मध्ये हौशी रेडिओवाल्यांकडचा ११ मीटरचा पट्टा काढून तो नागरिकांना देण्यात आला, तेव्हा कुठे दुकानदार, शेतकरी, सुतार, प्लंबर असे लोक घर आणि गाडी यांच्यात बोलायला सीबी वापरू लागले. चॅनलं तेव्हा २३ होती.

मग ऑक्टोबर १९७३ आला. अरब राष्ट्रांनी तेल रोखलं, डिझेल महागलं, पंपांवर रांगा लागल्या. जानेवारी १९७४ मध्ये निक्सन सरकारने देशभर ताशी ५५ मैलांची वेगमर्यादा घातली. मैलावर पैसे मिळवणाऱ्या चालकाला हा दुहेरी मार होता: इंधन मिळेना आणि वेगही धरता येईना. कुठल्या पंपावर डिझेल आहे आणि कुठल्या पुलाखाली पोलिस रडार लावून बसलाय, या दोन प्रश्नांची उत्तरं वर्तमानपत्रात छापून येणारी नव्हती. ती रस्त्यावरच्या माणसाकडेच होती. डिसेंबर १९७३ मध्ये पेनसिल्व्हेनियात ‘रिव्हर रॅट’ या टोपणनावाच्या एका चालकाने वैतागून आय-८० वर आपला ट्रक थांबवला आणि सीबीवरून इतरांना हाक दिली. बघता बघता त्याच्या मागे ट्रकांची भिंत उभी राहिली. नेता नाही, सभा नाही, पत्रक नाही. माइकच्या बटणावर महामार्ग बंद पडला. सीबीत काय ताकद आहे, हे देशाला त्या दिवसांत कळलं.

पुढची काही वर्षं म्हणजे वेडच होतं. सी. डब्ल्यू. मॅकॉल या नावाने गाणाऱ्या बिल फ्राइस यांचं ‘कॉन्व्हॉय’ हे गाणं जानेवारी १९७६ मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं आणि १९७८ मध्ये त्यावर सॅम पेकिनपा यांनी चित्रपट काढला. त्याच्या आदल्या वर्षी ‘स्मोकी अँड द बँडिट’ आला होता. राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी बेटी फोर्ड यांनी प्रचाराच्या काळात ‘फर्स्ट ममा’ हे टोपणनाव घेऊन माइक हाती धरला. शाळकरी मुलांनी सीबी घेतले, आजोबांनी घेतले, ज्यांना कुठे जायचंच नव्हतं त्यांनीही घरात टेबलावर मांडले. गर्दी एवढी झाली, की १ जानेवारी १९७७ पासून चॅनलं ४० करावी लागली आणि दुकानांत पडून असलेल्या २३ चॅनलांच्या संचांना कुणी विचारेना. परवान्यांचे अर्ज हाताळणं सरकारला झेपेनासं झालं आणि अखेर १९८३ मध्ये परवान्याची अटच काढून टाकण्यात आली. गोष्टींत आणि गाण्यांत या काळाचं जे चित्र आलं, ते बरंचसं एकाच रंगाचं होतं. कृष्णवर्णीय अमेरिकनांची सीबीवर स्वतःची मंडळं होती, बोलण्याची स्वतःची ढब होती. सिनेमातला सीबीवाला मात्र हटकून गोरा आणि दक्षिणी हेलात बोलणारा. आवाजाला चेहरा नसतो, तरी ऐकणाऱ्यांनी तो लावलाच.

आज ज्याला गाडीत सीबी बसवायचा आहे, तो दुकानात गेला की आधी संचांच्या फळीसमोर उभा राहतो. ते साहजिकही आहे, चकचकाट तिथेच असतो. कोब्रा २९ हा जुन्या ट्रकवाल्यांचा आवडता, समोर बटणांची आणि चकत्यांची रांग असलेला दणकट डबा. युनिडेन आणि प्रेसिडेंटचे, एएमखेरीज एसएसबी ही दुसरी पद्धत असलेले संच जास्त लांबचं बोलायला बरे. लहान मोटारीत डॅशबोर्डखाली जागाच नसेल, तर सगळी बटणं हातातल्या माइकवरच असणारे संच मिळतात; मूळ डबा सीटखाली सरकवून द्यायचा. हवामानखात्याची सात चॅनलं ऐकवणारे संच वादळी मुलखात उपयोगी पडतात. पण खरं सांगायचं तर एएमवर नियमाने सगळ्यांना तेच ४ वॅट आणि तीच ४० चॅनलं. तीनपट महाग संच तीनपट लांब बोलत नाही. ज्याच्याजवळ पैसे मोजकेच आहेत, त्याने स्वस्तातला साधा संच घ्यावा आणि उरलेले पैसे अँटेना, तार आणि पट्टीवर घालावेत. ट्रकथांब्यावरचे जुने लोक हेच सांगतात आणि ते बरोबर सांगतात.

कारण बोलते ती अँटेना. ११ मीटरच्या लहरीसाठी छडी हवी तिच्या पाव लांबीची, म्हणजे पावणेतीन मीटर. तेवढी उंच छडी मोटारीच्या टपावर उभी केली तर पहिल्याच पुलाखाली ती मोडेल. म्हणून ती आखूड करतात आणि कमी पडलेली लांबी तांब्याच्या वेटोळ्यात भरून काढतात. हे वेटोळं कधी बुडाशी असतं, कधी मध्ये, कधी शेंड्याजवळ. फायबरग्लासच्या छडीभोवती गुंडाळलेली तार प्लॅस्टिकच्या कवचाखाली लपलेली असते. मात्र छडी जेवढी आखूड, तेवढा पल्ला कमी. हातभर लांबीची, दिसायला सुबक अँटेना मोटारीला शोभून दिसते आणि तिच्यावर दोन किलोमीटरच्या पुढचं काही ऐकू येत नाही. दोन मिनिटांच्या हिशेबात ती बसत नाही.

अर्धी अँटेना तर डोळ्यांना दिसतच नाही. ती म्हणजे गाडीचा पत्रा. छडीतून निघालेल्या लहरीला पाय टेकायला खाली धातूचा पृष्ठभाग लागतो. छडी टपाच्या मधोमध असली, की चारी दिशांना सारखा आवाज जातो. ती मागच्या बंपरच्या डाव्या कोपऱ्यात बसवली, तर आवाज उजवीकडे पुढच्या कोपऱ्याच्या दिशेने जास्त पोहोचतो, कारण छडीपासून त्या बाजूला पत्रा जास्त पसरलेला असतो. आपली गाडी कुठल्या दिशेला जास्त मोठ्याने बोलते, हे तिच्या मालकालाही ठाऊक नसतं. चुंबकाच्या बैठकीची अँटेना सर्वांत सोपी. टपावर ठेवली की झालं, भोक पाडायला नको. पण फोर्डने २०१५ च्या मॉडेलपासून आपल्या एफ-१५० पिकअपचा पत्रा अॅल्युमिनियमचा केला आणि त्या टपावर चुंबक चिकटेचना. फायबरग्लासच्या केबिनमध्ये तर खाली धातूच नाही. तिथे अशा जागेसाठीच बनवलेली वेगळी अँटेना लावावी लागते. जीपवाले मागच्या सुट्या चाकाच्या कडीवर पट्टी ठोकतात. ट्रकवाले आरशाच्या दांडीवर दोन्ही बाजूंना जोडी लावतात, कारण मागच्या उंच ट्रेलरच्या आडोशाने एका छडीचा आवाज एका बाजूला अडतो. पट्टी ज्या ठिकाणी धातूला टेकते, तिथला रंग खरवडून काढायचा, दातेरी वायसर घालायचा, मग बोल्ट आवळायचा. रंगाचा तो पातळ थर राहिला तर सगळा खर्च पाण्यात जातो.

वीज शक्यतो थेट बॅटरीवरून घ्यावी, दोन्ही तारांना बॅटरीजवळ फ्यूज लावून. सिगारेट-लायटरच्या भोकातूनही संच चालतो, पण मग इंजिनाचा सूर आवाजात मिसळतो आणि अॅक्सिलरेटर दाबला की कुईं वाढत जाते. अलीकडे एक नवी पीडा आली आहे: मोबाईलचे स्वस्त चार्जर. तो एवढासा तुकडा भोकात खुपसला, की कित्येक चॅनलांवर खरखर पसरते आणि माणूस बिचारा अँटेना तपासत बसतो. तारेच्या लांबीबद्दल ट्रकथांब्यांवर वर्षानुवर्षं एक समज चालत आला आहे, की ती १८ फूटच हवी. अँटेना नीट जुळलेली असेल तर लांबीने फारसं अडत नाही. तरी दुकानात तार १८ फुटांचीच मिळते आणि लोक ती निमूटपणे लावतात. उरलेली तार मात्र आवळून तिची चुंबळ करू नये.

सगळं जोडून झालं की बोलायची घाई होते. ती आवरावी लागते. अँटेना न जुळवता बटण दाबून धरलं, तर आतला ट्रान्झिस्टर जळू शकतो. आधी गाडी मोकळ्यावर न्यायची, इमारती आणि दुसऱ्या ट्रकांपासून दूर. दारं बंद करायची. संच आणि अँटेनाची तार यांच्या मध्ये एसडब्ल्यूआर मीटर लावायचा. लहानशी डबी, आत एक काटा. पहिल्या चॅनलवर जाऊन बटण दाबायचं, चकती फिरवून काटा ठरलेल्या खुणेवर आणायचा, मग खटका पलटवायचा. आता काटा जे दाखवतो, ते परत आलेलं. संचाने दिलेल्या ताकदीतलं किती हवेत न जाता अँटेनापासून उलट फिरलं, ते. आकडा दीड असेल तर चारेक टक्के परत येतं, तेवढं चालतं. दोन असेल तर अकरा टक्के. तीन असेल तर चार वॅटमधला एक पुरा वॅट संचाच्याच अंगावर येतो. मग बोलणं थांबवून जोडण्या बघायच्या.

हेच विसाव्या चॅनलवर, हेच चाळिसाव्यावर. कागदाच्या कपट्यावर तीन आकडे लिहायचे. चाळीसवर आकडा जास्त आणि एकवर कमी, तर छडी लांब झाली आहे; उलट असेल तर आखूड. मग गाडीतून उतरायचं, शेंड्याचा बारीक स्क्रू अॅलन चावीने सैल करायचा आणि टोक दोन मिलिमीटर खाली किंवा वर सरकवायचं. स्क्रू आवळायचा. बाजूला व्हायचं, कारण जवळ उभ्या माणसाच्या अंगानेही काटा हलतो. आत बसायचं, दार लावायचं, पुन्हा तीन आकडे. पुन्हा उतरायचं. तंबोऱ्याचा मणी सरकवणाऱ्याच्या बोटांत जी सबुरी असते, तीच इथे लागते. कितीतरी लोक हा अर्धा तास वाचवतात आणि पुढे वर्षानुवर्षं म्हणत राहतात, की सीबीत आता काही दम राहिला नाही.

संचाच्या तोंडावर एक चकती असते, स्क्वेल्चची. नवख्याला तिचं महत्त्व पटायला वेळ लागतो. चॅनलवर कुणी बोलत नसतं तेव्हा नुसती खरखर येते, सतत, सरीसारखी. ही चकती हळूहळू फिरवली, की एका ठिकाणी खरखर एकदम तुटते आणि केबिन शांत होते. नेमकं तिथेच थांबायचं असतं. चकती आणखी पुढे नेली तर शांतता तशीच राहते, पण आता फक्त जवळचे, दांडगे आवाज आत येतात. लांबचा, क्षीण, ‘पुढे धुकं आहे’ म्हणणारा आवाज दाराबाहेरच राहतो. आणि चकती मागे घेतली, तर त्या क्षीण आवाजाबरोबर सगळा कचराही ऐकावा लागतो. किती कटकट सोसली म्हणजे दूरचा माणूस ऐकू येईल, हे प्रत्येक चालक आपल्यापुरतं ठरवतो. तासातासाला बदलतोही. शहराजवळ चकती पुढे जाते, डोंगरात मागे येते. थकलेला माणूस ती पुढे नेतो आणि त्याला दोषही देता येत नाही.

कधीकधी आकाशच मध्ये पडतं. सूर्यावरचे डाग वाढतात तेव्हा वरच्या वातावरणाचा विद्युतभारित थर या लहरी परतवू लागतो आणि आयोवातल्या चालकाला शेजारच्या ट्रकऐवजी दोन हजार किलोमीटरवरचा कुणी तरी स्वच्छ ऐकू येतो. साधारण अकरा वर्षांच्या चक्राने हे दिवस येतात. हौशी मंडळींना त्याचं अप्रूप. रस्त्यावरच्या माणसाला मात्र त्या दिवशी आपल्याच मैलावरचं काही कळत नाही. अमेरिकेच्या नियमांत बराच काळ एक कलम होतं, की सीबीवर २५० किलोमीटरच्या पलीकडे बोलायचं नाही. २०१७ मध्ये ते काढून टाकण्यात आलं. पाळणारेही त्याला थोडेच होते. पण ज्यांनी ते लिहिलं, त्यांना हा रेडिओ कशासाठी हवा होता, ते त्या कलमातून नीट दिसतं. जवळच्यांसाठी. हे आवर्जून लक्षात ठेवावं, कारण बेकायदा अँप्लिफायर लावून शेकडो वॅटवर ओरडणारे लोक नेमकं हेच विसरतात. त्यांचा आवाज पन्नास किलोमीटर जातो. चार वॅटवाल्याचं उत्तर त्यांच्यापर्यंत येतच नाही.

आज चॅनल १९ वर, म्हणजे ट्रकवाल्यांच्या चॅनलवर, तास तास सामसूम असते. फोन आले, नकाशे आले, पुढचा पोलिस आणि पुढची कोंडी पडद्यावर लाल रेघेने दिसू लागली. कानात ब्लूटूथ लावून चालक घरच्यांशी, गाववाल्यांशी, आपल्या भाषेत बोलत राहतो. कॅलिफोर्नियातून निघणाऱ्या ट्रकांवर आज पंजाबी चालक मोठ्या संख्येने आहेत आणि आय-४० वर त्यांच्यासाठी डाळ-पराठ्याचे ढाबेही उभे राहिले आहेत. फोनने माणसाला आपली माणसं दिली, ही लहान गोष्ट नाही. शिवाय सीबीवर जे ऐकू येतं ते सगळंच ऐकण्यासारखं नसतं. शिव्या असतात, वंशद्वेष असतो, बायकांचा आवाज आला की काहींची जीभ सैल सुटते. अनोळखीपणाच्या आडोशाने माणूस जितका मदतीला धावतो तितकाच घाणही ओकतो. कित्येकांनी छडी काढून टाकली ती यालाच कंटाळून.

तरी वायोमिंगमध्ये, लॅरमी आणि रॉलिन्स यांच्या मधल्या आय-८० च्या पट्ट्यात, हिवाळ्यात ती छडी असलेली बरी. १९७० मध्ये खुला झालेला हा पट्टा वाऱ्यासाठी आणि उडत्या बर्फासाठी कुप्रसिद्ध आहे. वर्षातून अनेकदा तो बंदच ठेवावा लागतो. पांढऱ्या अंधारात समोरचे दिवे दिसेनासे होतात आणि पुढे एकावर एक ट्रक आदळू लागतात, तेव्हा पडद्यावरची रेघ लाल व्हायला काही मिनिटं जातात. चॅनल १९ वर मात्र आपल्या पुढच्याच माणसाचा आवाज तत्क्षणी येतो: थांब, थांब, डावीकडे घे, आम्ही सगळे अडकलोय. ही माहिती कुठे साठत नाही, कुणी ती तपासून पुढे पाठवत नाही. एकाच वादळात सापडलेल्या माणसांमध्ये ती असते आणि वादळाबरोबर संपते.

इतर देशांनी आपापल्या परीने हे घेतलं. ब्रिटनमध्ये लोक आधी चोरून अमेरिकी संच वापरत राहिले आणि नोव्हेंबर १९८१ मध्ये सरकारने रीतसर मुभा दिली. ऑस्ट्रेलियात वाळवंटातून तीन-तीन ट्रेलर ओढत नेणारे चालक आजही वेगळ्या, यूएचएफ पट्ट्यातल्या चाळिसाव्या चॅनलवर एकमेकांना वाट देतात; रुंद माल येतोय, डावीकडे सर, एवढ्या बोलण्यावर तिथे जीव वाचतात. भारतात २००५ मध्ये २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्‌झ हा पट्टा ५ वॅटपर्यंत परवान्याविना मोकळा झाला. तोवर ड्रायव्हरच्या खिशात मोबाईल आला होता. कसाऱ्याच्या घाटात बंद पडलेल्या ट्रकची वार्ता मागच्या गाड्यांना आजही झाडाच्या फांद्या आणि रस्त्यात मांडलेले दगड सांगतात.

अमेरिकेतल्या त्या मोकळ्या मैदानावर मीटर काढून ठेवला, तार पुन्हा थेट संचाला जोडली, तरी एक गोष्ट चालकाला स्वतःला कळत नाही: आपला आवाज बाहेर कसा ऐकू जातो. त्याला उपकरण नाही. त्यासाठी चॅनल १९ वर जाऊन ‘रेडिओ चेक’ मागायचा आणि वाट बघायची. कधी लगेच कुणी बोलतं, कधी वीस मिनिटं कुणीच नाही. मग खरखर तुटते आणि जाता जाता कुणीतरी सांगतो, की आवाज मोठा आहे, पण माइक ओठांपासून जरा लांब धर, शब्द फाटतायत. आणि बटण दाबल्यावर क्षणभर थांब, तुझा पहिला शब्द खाल्ला जातोय. कुठे आहेस? नवखा मैलाची खूण शोधून सांगतो, एकशे अठरा, पश्चिमेकडे. असं होय, पलीकडचा म्हणतो, मग तू आत्ताच वजनकाट्यावरून आलास. उघडा होता का?